आपलीच गोळी आपल्याच माणसाला का लागते?

भांडुपला भरतीची तयारी करणारी पोरं माझ्याकडे पळायला येतात. पळून झालं की गोल करून बसतात आणि प्रश्न सुरू होतात. पगार किती, पहिली पोस्टिंग कुठे, घरी फोन करू देतात का. मग कोणीतरी हमखास विचारतो, "साहेब, एवढं ट्रेनिंग असतं, मग आपल्याच गोळीने आपलाच जवान कसा काय मरतो?" हाच प्रश्न सोसायटीतल्या वहिनी विचारतात, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेले पाहुणे विचारतात. २०१९ मध्ये बडगामला आपलं हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्राने पाडलं, तेव्हापासून तर फारच. आजवर मी उभ्याउभ्या दोन वाक्यांत उत्तर देत आलो. पण दोन वाक्यांत ते मावत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून आज नीट बसून लिहितो.

मी पायदळातला. सुभेदार म्हणून निवृत्त झालो. नोकरीचा बराच काळ शिकवण्यात गेला, हत्यारं आणि फायर हा माझा विषय. पलटणीचं नाव आणि ठिकाणं इथे देत नाही, विषयाला त्यांची गरज नाही.

विचारणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एक चित्र असतं. मिसरूड न फुटलेला नवा जवान, अंधार, पान हललं, घाबरला, चाप ओढला. असं घडतं, नाही असं नाही. पण मोठ्या दुर्घटना काढून बघा. बहुतेक ठिकाणी गोळी किंवा क्षेपणास्त्र सोडणारा माणूस अनुभवी होता, शुद्धीवर होता आणि आपण बरोबर करतोय याची त्याला खात्री होती. मला भीती वाटते ती या खात्रीची. घाबरलेल्या माणसाला शिकवता येतं. खात्री असलेल्या माणसाला त्या क्षणी कोण थांबवणार?

१४ एप्रिल १९९४ची गोष्ट घ्या. उत्तर इराक, सकाळची वेळ, लख्ख ऊन. अमेरिकेच्या दोन एफ-१५ विमानांनी अमेरिकेचीच दोन ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरं पाडली. आत बसलेले सगळे, २६ जण, गेले. त्यात ब्रिटिश, फ्रेंच, तुर्की अधिकारी होते, कुर्द लोक होते. अंधार नव्हता, घाई नव्हती, समोरून कोणी गोळी झाडलेली नव्हती. वर आकाशात टेहळणीचं अवॅक्स विमान घिरट्या घालत होतं. त्याचं कामच मुळी कोण कुठे उडतंय ते सांगायचं. वैमानिकांनी जवळून जाऊन डोळ्यांनी बघितलंसुद्धा.

मग झालं काय? वैमानिकांना सांगितलेलं होतं की इराकी विमानांना बंदी असलेल्या त्या भागात सकाळी सगळ्यात आधी तुम्ही जाणार, तुमच्या आधी आपलं कोणी आत नसेल. हेलिकॉप्टरं मात्र आधीच गेली होती. त्यांचं उड्डाण ठरलेलं होतं, पण वैमानिकांच्या हातातल्या कागदावर त्यांच्या वेळा नव्हत्या. हेलिकॉप्टरांचा रेडिओ वेगळ्या लहरीवर. आपलं विमान ओळखण्याची जी यंत्रणा असते, आयएफएफ म्हणतात तिला, तिचा आतल्या भागातला कोड वेगळा होता आणि हेलिकॉप्टरांवर बाहेरचाच चालू होता. अवॅक्सवरून "ही आपली आहेत" असं कोणी बोललं नाही. राहता राहिले डोळे. ब्लॅक हॉकच्या दोन्ही बाजूंना जादा इंधनाच्या टाक्या लावलेल्या होत्या, त्यामुळे वरून बघणाऱ्याला ती रशियन बनावटीच्या हिंड हेलिकॉप्टरासारखी दिसली, आणि इराककडे हिंड होती. आत आपलं कोणी नाही हे एकदा डोक्यात पक्कं बसलं की जे दिसतं ते शत्रूचंच दिसतं.

संध्याकाळी दादरच्या पुलावर कोणाची तरी वाट बघत उभे राहा. निळा शर्ट घालून येतो म्हणाला असेल, तर गर्दीतल्या दर दुसऱ्या निळ्या शर्टात तुम्हाला तोच दिसतो. हात वर करता, हाक मारता, माणूस जवळ आल्यावर कळतं की भलताच आहे. हाक वाया गेली, एवढंच. वैमानिकाच्या हातात हाक नव्हती, क्षेपणास्त्र होतं.

बडगामचंही मूळ तेच. २७ फेब्रुवारी २०१९. आदल्या दिवशी बालाकोट झालेलं. त्या सकाळी पाकिस्तानची विमानं आली, आपली वर गेली, आणि सगळं हवाई संरक्षण ताणलेल्या दोरीवर. अशा वेळी श्रीनगरहून उडालेलं आपलं एमआय-१७ हेलिकॉप्टर आपल्याच स्पायडर क्षेपणास्त्राने पाडलं. हवाई दलाचे सहा जण आणि जमिनीवरचा एक नागरिक गेला. हेलिकॉप्टराची ओळख सांगणारी यंत्रणा बंद होती असं चौकशीत निघालं. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये हवाई दलप्रमुख भदौरिया यांनी पत्रकारांसमोर सरळ सांगितलं की ती आमची मोठी चूक होती. या सांगण्याबद्दल शेवटी परत बोलतो, कारण मला ते फार महत्त्वाचं वाटतं.

दोन्ही घटनांत शेवटचं बटण एखाद-दोन हातांनीच दाबलं. पण त्या हातांपर्यंत पोचेस्तोवर किती जणांकडून काय काय राहून गेलं ते मोजा. वेळापत्रकात उड्डाणाची वेळ लिहायची राहिली, कोड बदलायचा राहिला, रेडिओवर बोलायचं राहिलं. चौकशी फक्त शेवटच्या हाताची करून भागत नाही. १९९४च्या प्रकरणात कोर्टमार्शल झालं ते अवॅक्सवरच्या एकाच अधिकाऱ्याचं, आणि तोही निर्दोष सुटला. २६ माणसं गेल्यावर हा हिशेब मला आजही पटत नाही.

आता माझ्या विषयाकडे येतो. जमिनीवरचा फायर.

फायर डिसिप्लिन म्हणजे गोळ्या जपून वापरणं, असं पोरांना वाटतं. तेही आहेच. डोंगरावरच्या पोस्टवर प्रत्येक पेटी कोणाच्या तरी पाठीवरून वर चढलेली असते. पण खरी गोष्ट वेगळी आहे. पायदळाच्या सेक्शनमध्ये दहाएक माणसं असतात. दहा माणसांच्या दहा हत्यारांना एका डोक्याने चालवायचं, म्हणजे फायर डिसिप्लिन. ते डोकं सेक्शन कमांडरचं, साधारणपणे हवालदाराचं किंवा नाईकाचं. तो फायरचा हुकूम देतो, आणि त्या हुकमाचीही ठरलेली चाल असते. आमच्याकडे हुकूम हिंदीत. "नंबर एक सेक्शन! तीन सौ! सामने अकेला पेड़, तीन बजे, झाड़ी, दुश्मन! फायर!"

ऐकायला बाहेरच्याला घोषणा वाटेल. पण त्यातला एकेक तुकडा कोणाचा ना कोणाचा जीव वाचवायला ठेवलेला आहे. आधी कोणी फायर करायचा ते, म्हणजे बाकीचे गप्प राहतात. मग अंतर. अंतर सांगितलं की जवान साईट लावतो, आणि त्याहून मोठं म्हणजे, शंभर मीटरवर रांगत पुढे गेलेले आपलेच लोक त्याच्या डोक्यात शत्रू म्हणून येत नाहीत, कारण शत्रू तीनशेवर आहे. मग खूण. एकटं झाड सगळ्यांना दिसतं. त्या झाडावर मनातल्या मनात घड्याळाची तबकडी धरायची आणि तीनच्या काट्याच्या दिशेला बघायचं, तिथे झुडूप. आता दहाही जण त्याच झुडपाकडे बघतायत. आणि सगळ्यात शेवटी "फायर". हा शब्द शेवटी येतो यातच सगळं आलं. नवा जवान "दुश्मन" ऐकलं की चाप ओढायला बघतो. उस्ताद काय शिकवतो? पूर्ण हुकूम ऐकायचा. ऐकून झाला आणि खूण सापडली नाही, तर "नहीं देखा" म्हणून ओरडायचं. पोरांना याची लाज वाटते. बाकी सगळ्यांना दिसलं, मलाच दिसलं नाही, कसं सांगू? मी वर्गात यावर फार जोर द्यायचो. "नहीं देखा" म्हणणारा जवान मला निशाणेबाजापेक्षा जास्त हवा असतो. न दिसता मारणारा कोणाला मारेल ते देवालाच ठाऊक.

दुसरा हुकूम "थम". फायर थांबवायचा. रेंजवर तो सोपा आहे, लाल झेंडा असतो, सगळे एका रेषेत आडवे पडलेले असतात, उस्ताद मागे उभा असतो. लढाईत तो पोचवणं फार अवघड. दहा हत्यारं चालू असताना माणसाचा आवाज पाच पावलांवर विरतो. म्हणून शिट्टी, म्हणून हाताची खूण, म्हणून शेजाऱ्याने शेजाऱ्याला पाय मारून सांगायचं. आणि "थम" ऐकलं की बोट चापावरून काढून चापाच्या कडीबाहेर सरळ ठेवायचं. हे इतक्यांदा करून घ्यायचं की झोपेतही बोट बाहेरच राहिलं पाहिजे. चालताना, पळताना, पडताना, बोट बाहेर. ठेच लागून पडणारा माणूस मूठ आवळतो, तो शरीराचा धर्म आहे. मुठीत चाप आला तर पुढे चालणाऱ्याच्या पाठीत गोळी. आम्ही रायफलीची तपासणी करायचो तशीच बोटाची करायचो.

रात्रीचा फायर हा तर वेगळाच धडा. एक पोस्ट, तिच्या डाव्या अंगाला दुसरी पोस्ट, मध्ये नाला. नाल्यात खुडबुड होते. एक जण झाडतो. त्याच्या शेजाऱ्याला काहीच दिसलेलं नाही, पण गोळीचा आवाज आला म्हणजे काहीतरी आहे, तोही झाडतो. नाल्यापलीकडच्या पोस्टला अंधारात नळीची ज्वाळा दिसते. आपल्या दिशेने ज्वाळा, म्हणजे आपल्यावर फायर. तीही उत्तर देते. आता दोन आपल्याच पोस्ट एकमेकींवर गोळ्या झाडतायत, आणि दोघींनाही वाटतंय की मध्ये शत्रू घुसलाय. नाल्यात कदाचित रानडुक्कर असेल. गोळी गोळीला बोलावते, हे ज्याने रात्र काढली आहे त्याला सांगावं लागत नाही.

यावर उपाय काय? मोर्चाच्या, म्हणजे जवानाच्या खंदकाच्या, तोंडाशी, नळीच्या डाव्या आणि उजव्या बाजूला, दोन खुंट्या ठोकायच्या. इतकंच. दिवसाउजेडी कमांडर येतो, जवानाच्या जागी स्वतः आडवा पडतो, नळी फिरवून बघतो. इथपासून इथपर्यंत तुझा इलाका. डावीकडे दुसरी पोस्ट आहे, तिथे नळी जाता कामा नये. मग खुंटी. रात्री काही दिसो न दिसो, नळी खुंटीला अडली की तिथून पुढे आपली माणसं. मोठमोठ्या यंत्रणांवर पुष्कळ बोललं जातं. ही लाकडाची खुंटी मनगटाएवढी असते, आणि माझं मत विचाराल तर तिने वाचवलेल्या जिवांची नोंद कुठेच नाही. म्हणूनच नवा मोर्चा ताब्यात घेणाऱ्या प्रत्येक कमांडरने पहिलं काम कोणतं करावं, तर अंधार पडायच्या आत त्या खुंट्या स्वतःच्या हाताने हलवून बघाव्यात.

आणि सगळ्यात धोक्याची वेळ कोणती असेल, तर गस्त परत येते ती. लोकांना वाटतं गस्त बाहेर जाताना धोका. बाहेर शत्रू असतो, खरं आहे. पण परत येणारी गस्त ही शत्रूच्या बाजूने, अंधारातून, आपल्या संतऱ्याकडे चालत येणारी हत्यारबंद माणसं असतात. संतऱ्याच्या जागेवरून बघा. त्याला काय दिसणार? दमलेले लोक पाय ओढत येतात, ओळ मोडलेली असते, कोणी जखमी असेल तर चाल बदललेली असते. म्हणून गस्त जाण्याआधी सगळ्या पोस्टना कळवायचं असतं. किती जण गेले, कोणत्या वाटेने गेले, कोणत्या वाटेने आणि साधारण किती वाजता येणार, आजची ओळखीची खूण काय. ठरलेल्या ठिकाणी गस्त थांबते, कमांडर एकटा पुढे येतो. "थम! कौन आता है?" "दोस्त." मग परवलीचा शब्द, मग एकेकाला मोजून आत घ्यायचं. सात गेले होते तर सातच आत आले पाहिजेत. आठवा आला तर तो कोण?

यात गाठ बसते ती पहाऱ्याच्या बदलीला. गस्त दहाला येणार होती, उशीर झाला, बाराला संतरी बदलला. पहिला संतरी झोपायच्या घाईत "सब ठीक" म्हणून निघून गेला. नव्याला गस्तीचं माहीतच नाही. माझ्या मते निम्म्या दुर्घटनांची मुळं इथे, या दोन मिनिटांत असतात. म्हणून आमच्याकडे बदलीचा संतरी ऐकलेलं सगळं परत म्हणून दाखवायचा, आणि गार्ड कमांडर तिथे उभा असायचा. कंटाळवाणं काम आहे. थंडीत, पहाटे, पेंगुळलेल्या डोळ्यांनी तेच तेच म्हणायचं. पण ते टाळू दिलं नाही.

हे दुखणं आजचं नाही. अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेकडचा जनरल जॅक्सन, ज्याला ते स्टोनवॉल म्हणायचे, २ मे १८६३ला चान्सलर्सव्हिलच्या लढाईत दिवस जिंकून रात्री पुढची पाहणी करायला घोड्यावरून गेला. परत येताना त्याच्याच सैनिकांनी शत्रूचं घोडदळ समजून गोळ्या झाडल्या. हात कापावा लागला, आठ दिवसांनी तो न्यूमोनियाने गेला. फौजेतला सगळ्यात ओळखीचा माणूस, पण अंधारात तो नुसता घोड्यांच्या टापांचा आवाज होता.

तोफा आणि विमानं आली की चुकीचा आकार वाढतो, प्रकार तोच राहतो. कारगिलमध्ये पायदळ कडे चढत होतं तेव्हा वर आपल्या बोफोर्सचे गोळे पडत होते. गोळे पडतायत तोवर शत्रू डोकं वर काढत नाही, म्हणून पायदळाला त्या माऱ्याच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जायचं असतं. मारा लवकर उचलला तर शत्रूची मशीनगन उघडते. उशिरा उचलला तर आपल्याच गोळ्याचे छर्रे आपल्या अंगात. मधला काळ काही मिनिटांचा, आणि तो साधायचा एका ओपीने, म्हणजे पायदळासोबत चढणाऱ्या तोफखान्याच्या अधिकाऱ्याने, हातातल्या रेडिओ सेटवर. त्या चढाईबद्दल बोलताना आपण शिखरांची नावं घेतो. त्या ओपींची नावंही घ्यायला हवीत असं मला वाटतं.

तोफेचा गोळा उजवी-डावीकडे फारसा चुकत नाही, तो चुकतो पुढे-मागे. विमानातून टाकलेल्या बॉम्बचंही तसंच. त्यामुळे मारा आपल्या फळीला समांतर घेतला तर चुकलेला बॉम्ब शत्रूच्याच ओळीवर पडतो. डोक्यावरून आडवा घेतला तर आखूड पडलेला आपल्यावर. १९४४च्या जुलैमध्ये नॉर्मंडीत नेमकं हेच झालं. अमेरिकन जनरल ब्रॅडली यांना विमानं फळीलगतच्या रस्त्याला समांतर यायला हवी होती, ती आली आपल्याच फौजेच्या डोक्यावरून. २५ जुलैला शंभराहून जास्त अमेरिकन सैनिक आपल्याच बॉम्बखाली गेले. पुढे येऊन पाहणी करणारे लेफ्टनंट जनरल मॅकनेअरही त्यात गेले.

२००१चं कंदाहारजवळचं उदाहरण मी पोरांना मुद्दाम सांगतो, कारण ती मोबाइलवर वाढलेली पोरं आहेत. विमानाला लक्ष्याचा ठावठिकाणा द्यायचा होता. जीपीएस यंत्राची बॅटरी बदलली. बॅटरी बदलल्यावर ते यंत्र चालू झालं आणि पडद्यावर आपल्या स्वतःच्या जागेचे आकडे दाखवायला लागलं. तेच आकडे वर गेले. बॉम्ब अगदी अचूक पडला, दिलेल्या आकड्यांवर. तीन अमेरिकन सैनिक आणि त्यांच्यासोबतचे अफगाण लढवय्ये गेले, आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले हमीद करझाई तिथेच होते, ते जखमी झाले. यंत्र बिघडलेलं नव्हतं. दिलेला आकडा नकाशावर ठेवून "हे तर आपलंच ठिकाण आहे" असं म्हणायला एक माणूस आणि दहा सेकंद पुरे होते.

नीट झालं की कसं होतं, तेही सांगतो, नाहीतर ऐकणाऱ्याला वाटतं की हे टळणारंच नाही. १९७१ला लोंगेवालात २३ पंजाबची एक कंपनी, १२० जणांच्या आसपास, रणगाड्यांसमोर उभी राहिली. मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांनी पुढचे रणगाडे अगदी जवळ येईपर्यंत फायर उघडू दिला नाही. अंधारात रणगाड्यांची घरघर ऐकत, बोट चापाबाहेर ठेवून पडून राहायचं, याला काय लागतं ते मी शब्दांत नाही सांगू शकत. सकाळी जैसलमेरहून हंटर विमानं आली. वाळवंटात वरून बघणाऱ्याला धूळ आणि धुराशिवाय काय दिसणार? मेजर आत्मासिंग कृषक नावाच्या छोट्या विमानातून खाली फिरत वैमानिकांना लक्ष्य दाखवत होते. हंटरांचं नाव झालं, व्हायलाच हवं. पण ते छोटं विमान मध्ये होतं म्हणून पोस्टवरची आपली माणसं आणि शत्रूचे रणगाडे यांच्यात गल्लत झाली नाही, हे मी दर वर्गात सांगायचो.

आता मुंबईचं. २६/११बद्दल मला इथे दोनच गोष्टी विचारतात, आणि दोन्हींचं उत्तर याच विषयात आहे.

पहिली, ताजमध्ये एवढे तास का लागले? २६ नोव्हेंबरच्या रात्री सुरू झालेली चकमक २९च्या सकाळी संपली. टीव्हीसमोर बसून लोक म्हणत होते, एवढी फौज आहे, आत घुसून उडवत का नाहीत. अरे, आत कोण होतं? खोल्याखोल्यांत दिवे मालवून, दाराला सामान लावून पाहुणे लपलेले होते. अतिरेकीही दार ठोठावत होते, कमांडोही ठोठावत होते. आतल्या माणसाला कळत नव्हतं बाहेर कोण, बाहेरच्याला कळत नव्हतं आत कोण. धूर भरलेला. आधी पोलीस आत गेले होते, मग नौदलाचे मार्कोस कमांडो आले, मग एनएसजीचे कमांडो. वेगवेगळ्या दलांची हत्यारबंद माणसं एकाच अनोळखी इमारतीत. अशा ठिकाणी दार उघडलं की समोर जो दिसेल त्याचे हात आधी बघायचे, चेहरा नंतर. हातात हत्यार आहे का, आणि ते हत्यार आपल्या माणसाचं आहे का. एवढं बघून मगच गोळी, आणि तेवढ्या वेळात समोरचा तुम्हाला मारू शकतो. मेजर संदीप उन्नीकृष्णन ताजमध्येच गेले. अशा शेकडो दारांना साठ तास लागले, तर त्यातला प्रत्येक तास मला समजतो.

दुसरी गोष्ट तुकाराम ओंबळे यांची. गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीत स्कोडा अडली, एक अतिरेकी मारला गेला, दुसरा गाडीतून बाहेर आला आणि ओंबळेंनी त्याच्या एके-४७ची नळी दोन्ही हातांनी धरून ठेवली. गोळ्या स्वतःच्या अंगावर घेतल्या, सोडली नाही. हे सगळ्यांना माहीत आहे, चौपाटीवर त्यांचा पुतळा आहे. मला लोकांचं लक्ष पुढच्या काही सेकंदांकडे वळवावंसं वाटतं. आपला माणूस डोळ्यांदेखत कोसळतोय, त्याला मारणारा हाताच्या अंतरावर आहे. राग काय असेल? आणि बाकीच्यांनी त्याला लाठ्यांनी झोडपून जिवंत धरला. त्या झटापटीत कोणी अंदाधुंद गोळ्या झाडल्या असत्या तर आणखी दोन-चार पोलीस आपल्याच गोळीने गेले असते, आणि कसाब बोलायला उरला नसता. तो जिवंत सापडला म्हणून कट कुठून आला ते जगापुढे कोर्टात सिद्ध झालं. मुंबई पोलिसांच्या त्या नाक्यावरच्या माणसांनी जे केलं ते मी सैन्यात शिकवत आलेल्या गोष्टींपैकी सगळ्यात अवघड काम होतं.

राहिला शेवटचा प्रश्न, तो बहुधा हळू आवाजात येतो. घरच्यांना खरं सांगतात का?

२००४ला अफगाणिस्तानात पॅट टिलमन हा अमेरिकन सैनिक आपल्याच लोकांच्या गोळ्यांनी गेला. अमेरिकन फुटबॉलचं मोठं करिअर सोडून सैन्यात आलेला, देशभर नाव असलेला. घरच्यांना आणि देशाला सांगितलं गेलं की शत्रूशी लढताना गेला. तसं लिहून पदकही दिलं. खरं काय ते घरच्यांना कळलं काही आठवड्यांनी, अंत्यविधी होऊन गेल्यावर. त्या खोटेपणाने त्याच्या आईचं दुःख कमी झालं नाही. तिची पुढची वर्षं सत्य शोधण्यात गेली. बडगामनंतर हवाई दलाने आपली चूक मोकळेपणाने मान्य केली, त्याला महिने लागले, पण केली, आणि एकापेक्षा जास्त अधिकाऱ्यांना जबाब द्यावा लागला. म्हणून मला भदौरियांचं ते वाक्य महत्त्वाचं वाटतं. चूक कबूल केली तरच खुंटी कुठे ठोकायची राहिली ते कळतं. लपवली तर पुढच्या तळावर तीच चूक पुन्हा वाट बघत बसते.

जो गेला तो कर्तव्यावर गेला. गोळी कोणाची होती याने त्यात काडीचाही फरक पडत नाही, हे मी कुठल्याही घरात जाऊन सांगायला तयार आहे. आणि ज्याच्या हातून ती सुटली, त्यालाही एकटं सोडू नये. त्याला जन्मभर ते घेऊन जगायचं असतं.

घरी निरोप घेऊन जाणाऱ्या अधिकाऱ्याने काय करावं, याबद्दल माझं मत पक्कं आहे. पहिल्याच भेटीत सांगावं की चौकशी चालू आहे, गोळी आपलीही असू शकते, अजून माहीत नाही. निकाल लागला की मी स्वतः येऊन सांगेन. आणि निकाल लागला की पत्र न पाठवता, फोन न करता, त्याच गणवेशात त्या दारात परत जावं.